नळ बंद असतानाही वॉटर फ्लो सेन्सर लिटर मोजतोय, आणि बादलीशी आकडा जुळत नाही. काय करू?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. नळ बंद असताना आकडा वाढतो हा जोडणीचा दोष. २० लिटर पाण्याला स्क्रीन २१.५ लिटर दाखवते हा मोजमापाचा प्रश्न. पहिला चटकन सुटतो. दुसऱ्याला वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक लोक नेमका तोच देत नाहीत.

तुमच्याकडे वायएफ-एस२०१ या मॉडेलचा सेन्सर आहे, अर्धा इंची, काळा. आत एक छोटा पंखा असतो, त्यात चुंबक, आणि पाण्यापासून वेगळ्या कोरड्या खोबणीत हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आलं की ओळखणारा भाग. चुंबक समोरून गेलं की एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका. लिटर वगैरे त्याला काही कळत नाही, तो हिशोब तुमच्या कोडचा. लाल वायर ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी सिग्नलची. आर्डुइनो उनो बोर्डवर पिवळी तुम्ही २ नंबरच्या पिनला लावली आहे ते योग्यच, कारण उनोवर बाहेरचा इंटरप्ट (पल्स येताच चालू काम थांबवून तो मोजायची सोय) २ आणि ३ या दोनच पिनांवर मिळतो.

आता नळ बंद असतानाचे पल्स. हॉल सेन्सरचं आउटपुट सिग्नलची वायर ग्राउंडकडे खेचू शकतं, पण स्वतःहून वर नेऊ शकत नाही. वर न्यायला पुल-अप रेझिस्टर लागतो, म्हणजे सिग्नलची वायर व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर. काही सेन्सरमध्ये तो आतच असतो, काहींत नसतो. नसेल तर पिवळी वायर अधांतरी राहते आणि शेजारची मोटर चालू झाली किंवा नुसता हात जवळ गेला तरी उनो पल्स मोजत सुटतो. म्हणून कोडमध्ये ती पिन साधी इनपुट न ठेवता इनपुट-पुलअप करा. उनोचा आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे तसा कमजोर असतो. वायर गच्चीपर्यंत न्यायची असेल तर पिवळी आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा, आणि मोटरच्या वायरसोबत एकाच पाइपातून ती नेऊ नका.

कोडमध्येही एक चाळणी लावता येते, आणि मला ती फार आवडते. हा सेन्सर मिनिटाला ३० लिटरपर्यंतचा. त्याचं सूत्र असं: सेकंदाला येणारे पल्स भागिले ७.५ म्हणजे मिनिटाला लिटर. ३० लिटरला सेकंदाला २२५ पल्स, म्हणजे दोन पल्समध्ये साधारण ४.४ मिलिसेकंदांचं अंतर. त्यामुळे आधीच्या पल्सनंतर २ मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स पाण्याचा असूच शकत नाही. तो सोडून द्या. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये एवढंच करा, तिथून सिरीयल मॉनिटरवर (कॉम्प्युटरवरच्या आर्डुइनोच्या खिडकीत) काही छापू नका. मोजणीचा व्हेरिएबल व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचला जाणारा) ठेवा, आणि मुख्य लूपमध्ये त्याची प्रत घेताना क्षणभर इंटरप्ट बंद करा. उनो ८ बिटचा आहे, मोठी संख्या तो तुकड्यातुकड्याने वाचतो आणि मध्येच पल्स आला तर आकडा भलताच येतो.

पाइपवर बसवण्याआधी सेन्सरमध्ये हलकी फुंकर मारून पाहा. फुंकरीला आकडा पळाला आणि थांबल्यावर जागच्या जागी राहिला, की जोडणी झाली.

आता बादली. सूत्राप्रमाणे लिटरला ४५० पल्स होतात, आणि सगळे कोड हाच आकडा घेऊन बसलेले असतात. पण या सेन्सरची अचूकताच अधिक-उणे १० टक्के सांगितलेली आहे. तुमचे २१.५ लिटर म्हणजे ९,६७५ पल्स. पाणी खरोखर २० लिटर असेल तर तुमच्या सेन्सरचा आकडा लिटरला सुमारे ४८४. सेन्सर बिघडलेला नाही, फक्त ४५० हा त्याचा आकडा नाही. जोडणी दुरुस्त केल्यावर ही चाचणी पुन्हा करा, कारण आत्ताच्या पल्समध्ये खोटेही मिसळलेले असतील. बादलीवरच्या खुणांवर विसंबू नका. रिकामी बादली वजनकाट्यावर ठेवा, मग भरलेली. एक किलो म्हणजे एक लिटर. नळ पूर्ण सोडून, अर्धा सोडून आणि अगदी बारीक धारेवर, असं तिन्ही प्रकारे मोजा. बारीक धारेला आकडा वेगळा येईल, आणि मिनिटाला एक लिटरच्या खाली या सेन्सरचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे ठिबकणारा नळ किंवा फ्लशची गळती यात सापडणार नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं, आणि येताना पाइपातली हवा पुढे ढकलतं. पंख्याला हवा काय आणि पाणी काय, तो फिरतो आणि लिटर वाढतात. उलट्या दिशेने पाणी गेलं तरी तो ते पुढे गेलं म्हणूनच मोजतो. त्यामुळे सेन्सर नेहमी भरलेल्या राहणाऱ्या पाइपावर बसवा, जमलं तर टाकीतून खाली येणाऱ्या. सेन्सरवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा, आणि अलीकडे जाळीचा फिल्टर लावा: गंजाचे कण आतल्या चुंबकाला चिकटतात. आटे प्लॅस्टिकचे आहेत, टेफ्लॉन टेप लावून हातानेच आवळा.

पुढे उनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड वापरायचा असेल, तिथे मात्र सावध राहा. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. सेन्सरला ५ व्होल्टच द्या, पण पिवळी वायर बोर्डला लावण्याआधी, पंखा हळूहळू फिरवत तिच्यावर मल्टीमीटरने व्होल्टेज मोजा. ५ व्होल्ट दिसले तर पुल-अप आतच आहे, आणि मध्ये लेव्हल शिफ्टर (५ व्होल्टचा सिग्नल ३.३ वर आणणारा छोटा बोर्ड) लागेलच. काहीच वर येत नसेल तर १० किलोओहमने ती ३.३ व्होल्टकडे ओढा, बाकी काही नको. ३४, ३५, ३६ आणि ३९ या पिनांना आतला पुल-अप नसतो, तेव्हा त्या टाळा.

एकूण लिटर वीज गेल्यावरही राहायला हवे असतील तर उनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) साठवा, पण दर सेकंदाला लिहू नका. एका जागेची हमी १,००,००० वेळा लिहिण्याची आहे, ती अठ्ठावीस तासांत संपेल. दर १०० लिटरला एकदा लिहिलं तरी घरच्या टाकीला पुरतं.