दर महिन्याला रडतो आणि पुन्हा तेच करतो. माझा पश्चात्ताप खरा आहे का?

तुम्ही लिहिलंय की प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या चर्चमधल्या विधीच्या) आधी तुम्ही दर वेळी मनापासून रडता, कबुली देता, आणि चार दिवसांत घरात पुन्हा तोच संताप, बायको-मुलांवर तोच आरडाओरडा. मग ते रडणं खोटं होतं का?

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही. पण हाच प्रश्न मी दोन वर्षं स्वतःला विचारत होतो, म्हणून लिहितो.

आपला मराठी शब्दच जरा फसवतो. पश्चात्ताप, म्हणजे नंतरचा ताप. मग आपण तापच मोजत बसतो. बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द 'शूव' अगदी साधा आहे: माघारी फिरणं, वाट चुकलेला माणूस फिरतो तसं. नव्या करारातला ग्रीक 'मेतानोइया' म्हणजे मन पालटणं. डोळ्यांतलं पाणी दोन्हींच्या अर्थात नाही. येतं, येऊ द्यावं, पण ते म्हणजे फिरणं नव्हे.

माझी गोष्ट लाजिरवाणी आहे. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचा मी खजिनदार होतो. सहलीच्या वर्गणीतले १,८०० रुपये मी माझ्या गाडीच्या टायरला घातले. पगार झाला की भरू म्हटलं. पगार होत राहिले, वहीत मात्र ती रक्कम 'किरकोळ खर्च' होऊन बसली. प्रत्येक प्रभुभोजनाला मी त्यावर रडलो. देवाला सगळं सांगितलं, संघाला एक अक्षर नाही. कारण उघड आहे: देव चारचौघांत माझा हिशेब मागणार नव्हता.

एकदा जक्कयाचा उतारा (लूक १९) वाचत होतो. हा श्रीमंत जकातदार येशूला म्हणतो, कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो. त्या 'चौपट' शब्दावर अडकलो. चौपटच का? मग मागे जुन्या करारात शोधत गेलो. गणना ५:७ सांगतं की अपराध स्वतः कबूल केला तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. चौपट भरपाई निर्गम २२:१ मध्ये आहे, मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्यासाठी. म्हणजे जक्कयानं सवलतीचा दर घेतला नाही, स्वतःला चोराचा दर लावला. शिवाय अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, ती वेगळीच. आणि हे सगळं येशू त्याच्या घरी उतरायला निघाल्यावर, आधी नव्हे. स्वीकार आधी झाला, पैसे नंतर निघाले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मी जक्कय नव्हतो. पाचव्या हिश्शाच्या हिशेबानं २,१६० रुपये पाकिटात घालून सचिवांच्या घरी गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "खजिनदारी आता दुसऱ्याकडे देऊ." झोंबलं. पण त्या रात्री रडू आलं नाही, झोप आली.

तरी परतफेडीलाही सर्वस्व समजू नका. येशूला धरून देणाऱ्या त्याच्या शिष्यानं, यहूदानंही त्याबद्दल मिळालेले तीस रुपये (चांदीची नाणी) परत नेऊन दिले, 'मी पाप केलं' असं तोंडानं म्हटलं (मत्तय २७). पण तो गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले, त्याचं आम्हांला काय? दुसरा शिष्य पेत्र, त्यानं तर 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून तीनदा नाकारलं होतं, परत द्यायला हातात काहीच नव्हतं. पण किनाऱ्यावर प्रभू आहे कळताच त्यानं समुद्रात उडी टाकली (योहान २१). दोघांच्या दुःखात मला तरी एवढाच फरक दिसतो, दुःख घेऊन कोण कुणाकडे गेला.

आता तुमचं. ज्यांच्यावर ओरडता त्यांच्यासमोर कधी कबुली दिलीत का? मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू वेदीपुढं अर्पण तसंच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. तुमची वेदी चर्चमध्ये आहे, भाऊ घरात आहे. मुलाला "काल मी चुकलो" म्हणा, तेवढंच. "पण तूही..." हे जोडलंत की कबुली गेली. आणि राग कधी येतो ते लिहून ठेवा. झोप कमी, पैशाची ओढाताण, दारू असेल तर दारू. तिथं उपाय करा, गरज पडली तर समुपदेशकाकडे जा. हात उगारत असाल तर मात्र घरच्यांची सुरक्षितता आधी. तेव्हा त्यांच्याकडून क्षमेची घाई करू नका.

पुन्हा घसरलात तर? लूक १७:४ मध्ये दिवसातून सात वेळा परत येणाऱ्यालाही क्षमा करा असं आहे. जो आपल्याला एवढं करायला सांगतो, तो स्वतः आठव्या वेळी दार लावून घेईल असं मला वाटत नाही. फक्त या वेळी प्रभुभोजनाच्या रविवारापर्यंत थांबू नका, चूक झाली त्याच संध्याकाळी बोला.