रेषाखंड २:३ मध्ये विभागणाऱ्या बिंदूचा स्थान सदिश कसा काढायचा?

स्थान सदिश म्हणजे आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंतचा बाण. सूत्र थोडं बाजूला ठेवा. अ(२, १) पासून ब(७, ११) कडे चालत निघालात असं समजा. विभागणारा बिंदू प. अप:पब = २:३, म्हणजे वाटेचे पाच भाग, त्यातले दोन चाललात की प आला. अख्खी वाट म्हणजे ब − अ = (५, १०). तिचे २/५ म्हणजे (२, ४). ते अ मध्ये मिळवा: प = (४, ५). झालं!

हेच नीट मांडलं की सूत्र मिळतं: प = (२ब + ३अ)/५. इथे २ हा ब ला लागतो, अ ला नाही. सदाशिव पेठेतल्या क्लासात मी शिकवतो, तिथे दरवर्षी निम्मी बॅच हे उलटं लिहून (५, ७) आणते. प हा अ च्या जवळ आहे, मग अ चं वजन, म्हणजे त्याला गुणणारी संख्या, जास्त नको का?

आरंभबिंदू कुठला घ्यायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. कुठलाही घ्या. पुण्यात शनिवारवाड्यापासून मोजा नाहीतर स्वारगेटपासून, स्थान सदिश बदलतील, पण डेक्कन जिमखाना जागचा हलणार नाही. २ + ३ = ५, म्हणजे दोन्ही वजनांची बेरीज ५/५ = १, त्यामुळे हे जमतं.

२/५ च्या जागी १ पेक्षा मोठी संख्या आली, तर बिंदू ब च्या पलीकडे गेला समजा.