शब्दांच्या वह्या आणि समोरचा उतारा

या महिन्यात आलेल्या पत्रांत प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजीबद्दलची पत्रं सगळ्यांत जास्त आहेत. माझी सारी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली. आजही संध्याकाळी इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या घरी मुलं उतारे घेऊन येतात. म्हणून हा अंक या एकाच विषयाला देते आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारावीत आहे. आठवीपर्यंत हिंदी माध्यम, मग इंग्रजी. भंवरकुआँच्या एका क्लासने तिला शब्दांचं जाडजूड पुस्तक दिलंय. रोज पन्नास शब्द वहीत लिहून ती पाठ करते. मॉक टेस्टमध्ये समानार्थी-विरुद्धार्थी बरोबर येतात, पण उताऱ्यावरचे निम्म्याहून जास्त प्रश्न चुकतात. सीयूईटी (विद्यापीठ प्रवेशाची सामाईक परीक्षा) आणि आयपीमॅट (बारावीनंतर आयआयएममध्ये जाण्याची परीक्षा) दोन्ही द्यायच्या आहेत. शब्द आणखी वाढवावेत का?
— एक वडील, सुदामानगर

उत्तर : आणखी शब्दांची गरज मला दिसत नाही. दुखणं कुठे आहे ते तुमच्या पत्रातच आलंय. शब्द तिच्याकडे आहेत, पण वाक्यात भेटले की ती त्यांना ओळखत नाही. वहीत एका शब्दासमोर एक अर्थ लिहिलेला असतो. उताऱ्यात तोच शब्द दुसऱ्याच कामाला लावलेला असतो. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण मंत्र्यांनी योजनेला ‘क्वालिफाइड सपोर्ट’ दिला असं वाक्य आलं, तर तिथे अटी घालून, हातचं राखून दिलेला पाठिंबा असा अर्थ होतो. परीक्षेत असे शब्द मुद्दाम निवडतात, दिसायला रोजचे आणि अर्थाने वेगळे.

शब्दसंपत्ती लागतेच, हे मी नाकारत नाही. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले भाषा-संशोधक पॉल नेशन यांनी एका सहकारी संशोधकाबरोबर २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं त्यात दिसलं. ८० टक्केच ओळखीचे असतील तर कुणालाच तो मजकूर पुरेसा समजला नाही. आता हा हिशेब मुलीसमोर मांडा. साडेतीनशे शब्दांच्या उताऱ्यात ९८ टक्के म्हणजे सात शब्द अडले तरी चालतं. मुलं पहिल्याच अडलेल्या शब्दाशी थांबतात, घाबरतात आणि पुढची तीन वाक्यं नुसती डोळ्यांखालून घालतात. तो शब्द सोडून पुढे जायची सवय तिला लावायची आहे.

शब्द शिकायचेच असतील तर कुठले? त्याच वर्षी, त्याच विद्यापीठातल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, यादी केली. अशा लेखनातला साधारण दहावा हिस्सा त्या शब्दांनीच भरलेला असतो. त्यात भारी, दुर्मिळ शब्द नाहीत. ‘कन्सिस्ट’, ‘इंडिकेट’, ‘अझ्यूम’ असे आहेत. जाड पुस्तकातल्या तीन हजार विचित्र शब्दांपेक्षा हे ५७० पक्के झाले तर मला जास्त समाधान वाटेल. वहीसुद्धा बदला. डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला अर्थ हे बंद करून तो शब्द जिथे भेटला ते पूर्ण वाक्य लिहू द्या. आठवड्याने वाक्यातला शब्द झाकून तिथे काय येईल ते तिला विचारा.

आता मुख्य गोष्ट. शब्द कळूनही उत्तरं चुकतात ती पर्यायांमुळे. आपल्याच गावाचं उदाहरण घेऊ. समजा उतारा असा आहे : १९७० साली इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केलं. नदी सुमारे सत्तर किलोमीटर दूर आणि शहरापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर, त्यामुळे पाणी उपसून आणणं फार खर्चाचं होतं. १९७८ साली नर्मदेकाठच्या जलूदहून पाणी शहरात पोहोचलं. लेखक शेवटी म्हणतो की खर्चाचा मुद्दा खरा असूनही लोकांच्या आग्रहापुढे तो मागे पडला. खाली प्रश्न : लेखकाचं मुख्य म्हणणं काय?

पर्याय असे देतात. एक : नर्मदेच्या पाण्यामुळेच इंदूर मोठं झालं. दोन : नर्मदा इंदूरपासून दूर आहे. तीन : लोकांनी जोर लावला की सरकारला नेहमीच नमावं लागतं. चार : महागडी असूनही ही योजना लोकांच्या मागणीमुळे झाली.

इंदूरचं मूल पहिल्या पर्यायाला हमखास फसतं, कारण लहानपणापासून घरात ते ऐकलेलं असतं. गोष्ट खरी असेलही, पण उताऱ्यात ती लिहिलेली नाही. दुसरा पर्याय उताऱ्यात आहे, पण तो एक तपशील झाला, म्हणणं नव्हे. तिसऱ्यातल्या ‘नेहमीच’ या एका शब्दाने तो पर्याय बाद होतो, कारण लेखक एका प्रसंगाबद्दल बोलतोय. राहतो चौथा. मॉक झाल्यावर गुण बघायच्या आधी मुलीला प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर एवढंच लिहायला सांगा : मी निवडलेला पर्याय बाहेरच्या माहितीचा होता, तपशिलाचा होता, की अतिशयोक्तीचा? महिनाभर असं केलं की आपण दरवेळी एकाच जागी घसरतो, हे तिचं तिलाच दिसेल. मला मुलांकडून हेच काम सगळ्यांत जास्त हवं असतं आणि मुलं नेमकं हेच टाळतात. चुकलेला पेपर पुन्हा उघडायला जीव होत नाही, मला कळतं. तिच्या शेजारी बसा.

आयपीमॅटबद्दल वेगळं एक. आयआयएम इंदूरच्या या परीक्षेत इंग्रजीच्या विभागाला ४० मिनिटं स्वतंत्र असतात, गणितातून वाचलेला वेळ इथे वापरता येत नाही. विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावायचे प्रश्नही त्यात असतात. त्यांच्यासाठी शब्दार्थ फारसे कामाला येत नाहीत. ‘धिस’, ‘सच’, ‘हाउएव्हर’ ही कशाकडे बोट दाखवतात ते शोधायचं. ‘धिस’ने सुरू होणारं वाक्य पहिलं येणं अवघडच.

प्रश्न : काकू, मला परदेशात शिकायला जायचंय, एसएटी ही अमेरिकेतल्या कॉलेजांची प्रवेशपरीक्षा देणार आहे. आत्याने तिची जुनी पुस्तकं दिली आहेत. त्यात ‘हे : ते’ अशा, सारखं नातं असलेल्या शब्दांच्या जोड्या आणि कठीण शब्दांच्या मोठ्या याद्या आहेत. हे सगळं करायचं का?
— अकरावीची विद्यार्थिनी, टिळकनगर

उत्तर : आत्याची पुस्तकं जपून ठेव बाळ, पण अभ्यास त्यांच्यावरून करू नकोस. ती परीक्षा आता राहिली नाही. एसएटी १९२६ पासून घेतली जाते आणि शब्दज्ञान हा तिचा कणाच होता. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये गेले. तू म्हणतेस त्या जोड्या २००५ मध्ये गेल्या. गाळलेल्या जागांच्या वाक्यांत अवघड शब्द बसवायचे प्रश्न २०१६ च्या बदलात गेले. या प्रत्येक बदलात सुटा शब्द मागे पडला आणि वाक्यातला शब्द पुढे आला. मला हे योग्य वाटतं. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तकांचं कपाट नाही, त्या मुलांवर सुट्या शब्दांची परीक्षा अन्याय करत होती. यादी पाठ करून ती दरी बुजवावी, असं सांगणं हाही अन्यायच होता.

भारतात ही परीक्षा २०२३ पासून कॉम्प्युटरवर होते. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न, ६४ मिनिटं, दोन भागांत. पहिला भाग कसा सोडवलास त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. लांब उतारे गेले. आता २५ ते १५० शब्दांचा तुकडा आणि त्यावर एकच प्रश्न. एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. ऐकायला सोपं वाटतं, पण दर मिनिटाला विषय बदलतो. आत्ता कविता, लगेच पेशीविज्ञान, मग कुठल्या तरी देशाचा इतिहास. त्यासाठी रोज एकाच प्रकारचं वाचन पुरणार नाही. विज्ञानाची बातमी, एखादी जुनी कथा, अर्थकारणावरचा लेख, असं आलटून पालटून वाच. प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक मिटून एका वाक्यात सांग : इथे काय म्हटलं? शब्दावरचा प्रश्न आला तर आधी पर्याय हाताने झाक, तुकड्यातल्या त्या जागी तुझा स्वतःचा साधा शब्द ठेव, मग त्याच्या जवळचा पर्याय शोध. सरावाचे पूर्ण पेपर परीक्षेच्या अधिकृत ‘ब्लूबुक’ ॲपवर फुकट आहेत. आधी ते संपव, मग पैसे खर्च करायचा विचार कर.

प्रश्न : नातू माझ्याकडे राहून क्लॅटची, म्हणजे कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करतोय. मला इंग्रजी येत नाही. तो रात्री उतारे वाचत बसतो, मी नुसती दूध देऊन येते. माझा काही उपयोग आहे का?
— एक आजी, लोकमान्यनगर

उत्तर : आजी, तुम्ही जे करू शकता ते क्लासमध्ये कुणी करत नाही. क्लॅटमध्ये २०२० पासून सगळेच प्रश्न उताऱ्यांवर असतात, कायदा आणि चालू घडामोडीसुद्धा. एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत, आणि आताच्या पेपरात १२० प्रश्नांना १२० मिनिटं. वाचायचा वेळही त्यातच आला.

दुधाचा पेला ठेवून शेजारी बसा आणि म्हणा, काय वाचलंस ते मला मराठीत सांग. तो सांगायला लागला की मध्येच विचारा, हे कोण म्हणतंय? लेखक की दुसरं कुणी? त्याला हे पटलंय का? नातू अडखळला, ‘म्हणजे असं काहीतरी आहे’ म्हणाला, तर समजा तिथे त्याला कळलेलं नाही. ती जागा त्याला इंग्रजीत पुन्हा वाचू द्या. मराठीत नीट सांगता आलं की इंग्रजीतले चारही पर्याय त्याला स्वच्छ दिसतात, हे मी माझ्या मुलांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. इथली आपली मुलं घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. पुष्कळांना वाटतं, तीन भाषांमुळेच आपलं इंग्रजी कच्चं राहिलं. तसं अजिबात नाही. ‘पण’, ‘तरीही’, ‘म्हणून’, ‘उलट’ अशा शब्दांवर युक्तिवाद कसा वळतो हे ज्याला एका भाषेत कळतं, त्याला दुसरीत शोधता येतं. मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला ऐकायला मिळेल आणि त्याचाही सराव होईल.

प्रश्न : निगेटिव्ह मार्किंग असताना न येणारे प्रश्न सोडून द्यावेत का? आणि सीयूईटीला इंग्रजीऐवजी मराठी घेता येते का?
— बारावीचा विद्यार्थी, रामबाग

उत्तर : आधी दुसरं. घेता येते. सीयूईटीच्या १३ भाषांत मराठी आहे. पण तुला हव्या त्या अभ्यासक्रमाला कुठली भाषा मागितली आहे ते विद्यापीठाच्या पात्रतेच्या पानावर बघूनच फॉर्म भर. देवी अहिल्या विद्यापीठातल्या दोन विभागांच्या अटीसुद्धा सारख्याच असतील असं धरून चालू नकोस.

आता गुणांचं. २०२५ च्या पद्धतीत सीयूईटीच्या एका विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबर उत्तराला ५ आणि चुकीला उणे १ गुण आहे. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडलास तरी सरासरीने अर्धा गुण पदरात पडतो. दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर सरासरी दोन गुणांवर जाते. म्हणून तिथे रिकामं सोडू नकोस. क्लॅटमध्ये बरोबरला १ आणि चुकीला पाव गुण वजा होतो. तिथे आंधळ्या अंदाजाचा फायदा नावापुरता आहे, पण एक पर्याय खोडलास तरी उत्तर द्यावं. हे आकडे दरवर्षीच्या माहितीपत्रकात तपासून घे, पद्धत बदलत असते. खोडण्याचं कारण मात्र प्रत्येक वेळी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. ‘हा पर्याय बरा वाटत नाही’ म्हणून खोडलेला पर्याय पुष्कळदा बरोबर उत्तर निघतो.