उंच झेलाखाली धावताना

प्रिय खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

लाँग-ऑनवर, म्हणजे गोलंदाजाच्या मागे सीमारेषेजवळ, तुझे झेल सुटतात ते हातांमुळे नाही, पायांमुळे. बॅटवरून चेंडू उडाला की तो कुठे पडेल हे तू ठरवून टाकतोस, धावत तिथे जाऊन उभा राहतोस आणि तो डोक्यावरून जातो किंवा चार पावलं पुढे पडतो. हवेच्या रोधामुळे चेंडू चढतो त्यापेक्षा जास्त उभा उतरतो. त्यात शिवाजी पार्कात दुपारनंतर समुद्रावरचा वारा. हे गणित धावता धावता कुणालाच सुटत नाही, आणि सोडवायचंही नसतं.

चेंडूमागे नजर वर चढते, तिचा वेग बघ. वेग वाढतोय तर चेंडू मागे जाणार; मंदावतोय तर पुढे पडणार. नजर एका लयीत चढती राहील असा धावत राहा, जागा आपोआप सापडते. वारा फिरला तरी चालतं. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये बेसबॉलसाठी हे मांडलं. काटेकोर बोलायचं तर नजरेचा जमिनीशी होणारा कोन नव्हे, त्या कोनाचा टॅन्जंट (चेंडूची उंची भागिले त्याचं तुझ्यापासूनचं आडवं अंतर) एकसारखा वाढतो. म्हणून चेंडू खूप वर असताना नजर जरा मंदावणारच; तेवढ्याने घाबरून पुढे येऊ नकोस.

सरावात आधी झेलूच नकोस. साथीदार उंच मारेल, तू पहिल्या सेकंदात ‘पुढे’ की ‘मागे’ एवढंच ओरड आणि चेंडू पडू दे. थेट अंगावर येणारा सर्वांत फसवा, कारण तो बाजूला सरकताना दिसत नाही. तिथे घाईने पुढे पाऊल टाकलंस की संपलं. मागे जाताना टाचांवर उलटा पळू नकोस, कंबर वळवून धाव; डोकं हिंदकळलं की नजरेचा अंदाज गेला.

आता हात. २० मीटरवरून उतरणारा चेंडू, हवेचा रोध सोडला, तर ताशी सुमारे ७० किलोमीटरने येतो. वजन १६० ग्रॅम. तो १० सेंटिमीटरमध्ये थांबवलास तर तळव्यावर सरासरी ३२ किलोचा भार येतो, ४० सेंटिमीटर हात सोबत नेलेस तर आठाचा. मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये भिजलेला चेंडू जड आणि निसरडा होतो, तेव्हा हे जास्तच पाळ.

आझाद मैदानावर शेजारच्या सामन्याचा फील्डर तुझ्या वाटेत असतो. गोलंदाज धावू लागण्याआधीच तो कुठे उभा आहे ते बघून ठेव. नंतर डोळे चेंडूवरून हलवता येणार नाहीत.