सात वर्षांचं कर्ज आणि दर चार वर्षांनी फिरणारा कायदा

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हे कुटुंब कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतं. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. दोन मुलं, धाकट्याला दमा. 2013 ची कॅम्री आहे, 1 लाख 28 हजार मैल झालेली, अजून कुरकुर न करता चालणारी. बँकेत 38,000 डॉलर, महिन्याचा खर्च 7,500. शेजारी म्हणतात, 2035 नंतर इथे पेट्रोलच्या गाड्या बंद होणार, आत्ताच नवी घेऊन ठेवा. ऑफिसातला मित्र म्हणतो, तो कायदा वॉशिंग्टनने मोडीत काढला, इलेक्ट्रिकचा विषयच संपला. पत्नीचं म्हणणं, पोराची छाती भरते आणि आपण धूर सोडत फिरतो, घ्यायची तर इलेक्ट्रिकच घ्या. आणि डीलरने 42,000 डॉलरची पेट्रोल एसयूव्ही 84 हप्त्यांवर बसवून दिली आहे, ऑफर शनिवारपर्यंत.

शनिवार जाऊ द्या. आधी कायद्याचं बघू, कारण तुमची घाई तिथून आली आहे.

कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने, म्हणजे हवेचं प्रदूषण बघणाऱ्या सरकारी मंडळाने, ऑगस्ट 2022 मध्ये जो नियम केला तो कंपन्यांसाठी होता, तुमच्यासाठी नव्हता. 2026 च्या मॉडेलपासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी 35 टक्के धूर न सोडणाऱ्या हव्यात, 2030 ला 68 टक्के, 2035 ला शंभर टक्के, असा तो टप्पा होता. त्यात चार्जिंगवाल्या हायब्रिडलाही मर्यादित जागा होती. तुमच्या दारातली कॅम्री, तिचं रजिस्ट्रेशन, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री यांना त्याने हात लावला नव्हता. म्हणजे शेजाऱ्यांची भीती मुळातच चुकीची. नियम जसाच्या तसा राहिला असता तरी 2036 साली तुम्ही ही कॅम्री चालवू शकला असता, स्मॉग चेक, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, पास होण्यापुरती धड असली तर.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्वतःचे कडक नियम करायला कॅलिफोर्नियाला केंद्राची सूट लागते. ती डिसेंबर 2024 मध्ये मिळाली, मे 2025 मध्ये सिनेटने 51 विरुद्ध 44 मतांनी ती रद्द करायचा ठराव केला आणि 12 जूनला राष्ट्राध्यक्षांनी सही केली. त्याच दिवशी कॅलिफोर्निया आणखी दहा राज्यांना घेऊन कोर्टात गेलं. एवढ्यावरून विषय संपला असं म्हणणाऱ्याने मागची पानं उलटलेली नसतात. 1990 मध्ये याच बोर्डाने ठरवलं होतं की 1998 पर्यंत मोठ्या कंपन्यांच्या 2 टक्के गाड्या बिनधुराच्या हव्यात; 1996 मध्ये ती मुदत स्वतःच मागे घेतली. गाड्यांच्या हरितगृह वायूंवरच्या 2002 च्या पाव्हली कायद्यासाठी मागितलेली सूट डिसेंबर 2007 मध्ये नाकारली गेली, 2009 मध्ये मिळाली. पुढच्या नियमांची सूट 2019 मध्ये काढून घेतली, 2022 मध्ये परत दिली.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. हा पाळणा गेली कित्येक वर्षं हलतोय आणि तुमचं कर्ज सात वर्षांचं आहे. सात वर्षांत एकदा तरी, बहुधा दोनदा, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक येते. ज्या गोष्टीचा निकाल एवढ्या वेळा फिरतो, तिच्या भरवशावर दरमहा ठरलेली रक्कम देण्याचं बांधून घेऊ नका, या बाजूने नाही आणि त्या बाजूनेही नाही.

आता आकडे. 42,000 च्या गाडीवर तुमच्याकडे दहा टक्क्यांहून जास्त विक्रीकर. रजिस्ट्रेशन धरून 47,000 होतात. तुम्ही 15,000 डाउन पेमेंट देणार, उरलेले 32,000 वर्षाला 7.2 टक्के व्याजाने. हप्ता बसतो 486 डॉलर आणि सात वर्षांत व्याजाचे जातात जवळपास 8,800. डीलरने सांगितलेली व्याजावरची करसवलत खरी आहे, पण फक्त अमेरिकेत जोडणी झालेल्या नव्या गाडीला, 2028 पर्यंत, आणि उत्पन्न वाढलं की ती आटत जाते. तुम्ही आयकराच्या 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर पहिल्या वर्षी वाचतील फार तर 480 डॉलर. एका हप्त्याएवढे.

व्याजापेक्षा मला 15,000 ची जास्त काळजी वाटते. आज तुमच्या हातात पाच महिन्यांचा खर्च आहे, गाडी घेतलीत की तीन महिन्यांचा उरतो. एच-1बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा दुसरी सोय करायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्या 60 दिवसांत भाडं, वकिलाची फी, इन्शुरन्स आणि वेळ आलीच तर चार विमानतिकिटं, सगळं याच पैशातून निघणार. इथे जन्मलेल्या सहकाऱ्याला तीन महिने पुरतील, तुम्हाला नाही पुरणार. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत या पैशाला गाडीसाठी हात लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

मग इलेक्ट्रिक? तुम्ही पाठवलेल्या वीजबिलावर मध्यरात्रीनंतरचा दर 31 सेंट आहे. वर्षाला 9,000 मैल, चार्जिंगमधली गळती धरून युनिटला 3 मैल, म्हणजे 3,000 युनिट, 930 डॉलर. कॅम्रीला गॅलनला 27 मैल आणि गॅलनला 4.70 डॉलर या हिशेबाने पेट्रोलचे 1,570 च्या आसपास लागतात. वाचले 640. त्यातून इलेक्ट्रिक गाडीवर राज्य घेतं ती शंभराहून थोडी जास्त वार्षिक रस्ता फी वजा करा. पण हे सगळं घरी चार्जिंग असेल तर. तुमच्याकडे ते नाही. दुकानापुढच्या फास्ट चार्जरवर तुम्ही लिहिलेल्या 55 सेंटने हेच बिल 1,650 वर जातं, पेट्रोलपेक्षा महाग. नव्या गाडीवरची 7,500 ची केंद्राची सवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली, आणि एरवी जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या कारपूल लेनमधून एकट्याने जाऊ देणारं स्टिकरही त्याच दिवशी संपलं. डम्बार्टन ब्रिज ओलांडून जाणाऱ्यांसाठी ते स्टिकर म्हणजे रोजची अर्धी झोप होती, ते मला माहीत आहे.

तुमच्या पत्नीच्या मुद्द्यावर मात्र मला मनापासून बोलायचंय. त्या बरोबर आहेत. हायवे 880 ला लागून राहणाऱ्या पोरांच्या छातीत काय जातं हे ओकलंडमध्ये शाळेच्या गेटवर उभं राहिलं की कळतं. हायवे 580 वर ओकलंडमधून जड ट्रकला बंदी आहे, म्हणून ते सगळे 880 ने जातात, आणि त्या बाजूची वस्ती गरीब आहे. मला हा नियम हवा आहे आणि तो टिकावा असं वाटतं. सॅन वाकीन खोऱ्यातली, म्हणजे राज्याच्या मधल्या शेतीच्या पट्ट्यातली माणसं त्याला विरोध करतात तेव्हाही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. हवा त्यांचीच सगळ्यात खराब आणि कामासाठी साठ-साठ मैल गाडी हाकणारीही तीच. या वादाचं उत्तर बोर्डाच्या सुनावणीत आणि मतपेटीत शोधायचं. सुनावणीत कुणीही बोलू शकतं, व्हिसावरचा माणूससुद्धा, लेखी मतही देता येतं. ते जरूर द्या. तुमचा इमर्जन्सी फंड मोडून नवी गाडी आणल्याने त्या पोरांना फार फरक पडणार नाही. कॅम्री नीट ठेवल्याने थोडा पडतो. चेक इंजिनचा पिवळा दिवा महिनोन्‌महिने तसाच ठेवून चालवलेली गाडीच जास्त घाण करते.

म्हणून माझा सल्ला: कॅम्री अजून दोन वर्षं ठेवा. एसयूव्हीचा 486 चा हप्ता दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका, जणू कर्ज घेतलंच आहे. दोन वर्षांत व्याज सोडून 11,600 जमतील. त्यात जुनी गाडी विकून येतील ते घाला आणि तेव्हा तीन वर्षं वापरलेली हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक बघा. इलेक्ट्रिक गाडीचा भाव पहिल्या तीन वर्षांत धाडकन उतरतो, तो उतार पहिल्या मालकाला सोसू द्या. बॅटरीची वॉरंटी सहसा 8 वर्षं किंवा 1 लाख मैल असते, म्हणजे तुमच्या हातात पाच वर्षं उरतात. घेण्यापूर्वी बॅटरी किती शिल्लक आहे याचा लेखी रिपोर्ट मागा.

या दोन वर्षांत एकच गोष्ट माझं मत बदलू शकते. कॅलिफोर्नियात भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने पार्किंगच्या जागेवर चार्जर बसवायची परवानगी मागता येते, आणि लीज जुलै 2015 नंतरची असेल तर घरमालकाला सहसा नाही म्हणता येत नाही. पण पार्किंग तुमच्या लीजमध्ये लिहिलेलं हवं आणि एकूण जागा पाचाहून कमी नकोत. लीज काढून आजच बघा. जागा लिहिलेली असेल तर मालकाला लेखी अर्ज करा, तोंडी नको, आणि इलेक्ट्रिशियनचं कोटेशन घ्या.

तुमचं स्मॉग चेक यंदा आहे असं लिहिलंय. त्याआधी बॅटरी बदलू नका. मी एकदा नवी बॅटरी टाकली आणि दुसऱ्याच दिवशी गेले. मेकॅनिकने स्टिअरिंगखाली केबल जोडली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या तपासण्या अजून पूर्ण केलेल्या नाहीत, आठवडाभर हायवेवर चालवून परत या. गाडी ठणठणीत होती, तरी हेलपाटा पडला.

मालकाचं उत्तर आणि कोटेशन आलं की दोन्ही पाठवा, मग इलेक्ट्रिकचं गणित पुन्हा मांडू.