शेवटची पाव गोळी

सांगली

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाई, नैराश्यावरची गोळी बंद करून चार दिवस झाले. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय. आजार परत आला का?"

त्या प्रश्नातली भीती माझ्या ओळखीची आहे. बरं वाटतंय म्हणून मीही एकदा परस्पर गोळ्या सोडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आयर्विन पुलावर चक्कर आली आणि स्कूटी कठड्याला लावून उभी राहिले. मळमळ, भलतीसलती स्वप्नं, पोळी करपली म्हणून रडू. त्यात घरी सांगायची चोरी.

गोळी थांबल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालेला आणि आधीच्या आजारात कधी नसलेला असा करंट, हा बहुधा औषध सुटण्याचा त्रास असतो. आजार उलटतो तो सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू, जुन्याच रूपात. पण हा निवाडा घरी बसून करायचा नाही. आजच डॉक्टरांना फोन कर. कदाचित ते आधीचा डोस पुन्हा सुरू करतील. त्याला हार समजू नकोस. आणि हे व्यसनही नव्हे. तुला गोळीची तलफ येत नाहीये, शरीराला तिच्याशी जुळवून घ्यायची सवय झाली होती, एवढंच.

आता मला उशिरा कळलेली गोष्ट सांगते. पुरात आपण सगळे पुलाजवळची पातळी किती फूट, हेच विचारत असतो ना? पाणी शेतांत पसरलेलं असतं तोवर कितीही ओसरलं तरी पातळी इंचाइंचानं उतरते. नदी पात्रात आली की तेवढंच पाणी कमी झालं तरी ती भराभर खाली जाते. या औषधांचंही तसंच आहे. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये मेंदूच्या स्कॅनच्या आधारे हेच मांडलं: मोठा डोस निम्मा केला तरी मेंदूवरचा परिणाम थोडाच घटतो, पण शेवटच्या छोट्या डोसवरून शून्यावर येणं ही मोठी उडी ठरते. म्हणून डॉक्टरांना विचार, "शेवटचे टप्पे अजून बारीक करता येतील का? पातळ औषध मिळेल का?" काहींना यात कित्येक महिने लागतात. लागू देत.

एक दिवसाआड गोळी घेण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नकोस. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं शरीरातून लवकर जातात. मधल्या दिवशी त्रास उसळतो. फ्लुओक्सेटिन मात्र आठवडे रेंगाळतं. कॅप्सूल विचारल्याशिवाय फोडायची नाही.

सगळ्यांनाच हे होतं असंही नाही. २०२४ मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार निव्वळ औषध थांबल्यामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला होतो. तू त्या एकात असलीस तर तो तुझा दोष नाही.

वहीत रोज तारीख, डोस, झोप आणि करंट किती वेळा आला ते लिही. परीक्षेच्या महिन्यात डोस कमी करायला घेऊ नकोस. जगणं नको वाटलं तर रात्री दोन वाजताही मला फोन कर, नाहीतर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मिरजेला डॉक्टरांकडे एकटीनं जायचं नसेल तर कळव, मी स्टँडवर येऊन थांबते. तोवर गाडी चालवू नकोस.

तुझी,
बाई