पास्ट परफेक्ट कंटिन्युअस टेन्स कसा शिकायचा? प्रत्यक्षात तो कुठे लागतो का, की फक्त परीक्षेपुरता असतो?

'हॅड बीन' आणि पुढे क्रियापदाला '-इंग', हे तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून तक्ता देत बसत नाही. पण 'परीक्षेपुरता असतो का' हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. याच काळापायी मला एकदा लेखी खुलासा द्यावा लागलाय.

मी तेव्हा कारखान्यात शिफ्टला होतो. दुपारी २ वाजता चार्ज घेतला. आधीच्या शिफ्टचा ऑपरेटर जाता जाता म्हणाला, "पंप सकाळी १० पासून आवाज करतोय." मी लॉगबुक उघडून बघतोय तोवर, २ वाजून १० मिनिटांनी, बेअरिंग जाम झालं आणि पंप बंद पडला. संध्याकाळपर्यंत इंग्रजीत रिपोर्ट द्यायचा होता. मनात वाक्य अगदी साफ होतं: मी चार्ज घेतला तेव्हा पंप चार तासांपासून आवाज करत होता. कागदावर मात्र अडलो. 'वॉज मेकिंग' की 'हॅड बीन मेकिंग'? 'सिन्स' की 'फॉर'? चूक नको म्हणून तेवढा भाग गाळला आणि लिहिलं, 'व्हेन आय टुक चार्ज, द पंप वॉज मेकिंग नॉइज.'

व्याकरणात एकही चूक नाही. पण त्यातून ते चार तास नाहीसे झाले. वाचणाऱ्यांना दिसलं ते एवढंच की आवाज माझ्या हजेरीत होत होता आणि मी स्टँडबाय पंप लावला नाही. खुलासा मागितला गेला माझ्याकडे. 'द पंप हॅड बीन मेकिंग नॉइज फॉर फोर अवर्स' एवढं लिहिलं असतं, तर पहिला प्रश्न सकाळच्या शिफ्टला गेला असता.

आपण अडतो ते इथेच. मराठीत 'चार तासांपासून' म्हटलं की काम झालं, क्रियापद 'करत होता' असंच राहतं. इंग्रजीत क्रियापदही बदलावं लागतं. म्हणून आपल्या तोंडून 'आय वॉज वेटिंग सिन्स टू अवर्स' निघतं आणि एका वाक्यात दोन चुका होतात. कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स', किती वेळ हे सांगायचं तर 'फॉर'.

तेव्हाचे माझे एक सहकारी ठासून सांगायचे, "हा काळ एका मार्कापुरता. बोलताना 'वॉज'ने भागतं." नाही भागत. सकाळी दार उघडलं आणि रस्ता ओला दिसला, तर 'इट हॅड बीन रेनिंग'. तिथे 'इट वॉज रेनिंग' म्हणालात तर दार उघडलं तेव्हा पाऊस चालूच होता असं होईल. दोन वाक्यांत दोन वेगळ्या सकाळी आहेत. तसंच 'शी हॅड पेंटेड द रूम' म्हणजे खोली रंगवून झाली होती. 'हॅड बीन पेंटिंग' म्हटलं की हाताला रंग लागलेला दिसतो, काम संपलं की नाही ते कळत नाही.

शिकायचं कसं, तर फॉर्म्युला घोकून नाही. भूतकाळातला एक ठरावीक क्षण पकडा: फोन आला, दिवे गेले, पाहुणे पोचले. मग त्या क्षणाआधी काय चाललं होतं आणि किती वेळ, ते बोला. 'व्हेन द लाइट्स वेंट आउट, आय हॅड बीन रीडिंग फॉर अॅन अवर.' आपल्याच दिवसातली अशी दोन-तीन वाक्यं रोज लिहा. असा क्षणच नसेल तर हा काळ वापरू नका. गोष्ट अजून चालू असेल तर 'हॅव बीन' किंवा 'हॅज बीन'. आणि हो, 'नो' (know, माहीत असणं), 'बिलीव्ह' अशा क्रियापदांना '-इंग' चालत नाही, तिथे 'हॅड नोन'.

ते सहकारी असंही म्हणायचे की हा काळ बोलताना त्यांनी कधी ऐकलाच नाही. ऐकू येईल कसा? बोलताना 'हॅड'चा नुसता 'ड' उरतो. 'आयड बीन वेटिंग', 'दे-ड बीन टॉकिंग'. पुढच्या वेळी इंग्रजी मुलाखत ऐकाल तेव्हा 'बीन'च्या आधीच्या त्या 'ड'कडे कान ठेवा.